फोटोखाली काय लिहू, विचारतेस?

सक्करदरा, नागपूर

चि. सोनू,


तुझा निरोप मिळाला. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी तू स्क्रॅपबुक करायला घेतलंस, घराघरांतून फोटो जमवलेस, जाड काळे कागद, रंगीत टेप आणि सोनेरी पेनं आणलीस, आणि आता शब्दांपाशी येऊन अडलीस. ‘आत्या, तू आयुष्यभर पेपरात फोटोओळी लिहिल्यास. मला पाच-पन्नास छान ओळी पाठव ना!’ असं हक्कानं लिहिलंस. सोबत तू कुठून कुठून उतरवून घेतलेल्या ओळीही पाठवल्यास. ‘मायेची सावली’, ‘क्षण सोनेरी’, ‘आठवणींचा झुला’ आणि अशाच आणखी कितीतरी.

त्या ओळींत वाईट काही नाही. पण ‘मायेची सावली’ तुझ्या आजीच्या फोटोखाली जेवढी शोभेल तेवढीच समोरच्या काकूंच्या फोटोखालीही शोभेल. लिहिलेली ओळ उचलून दुसऱ्याच्या वहीत चिकटवली आणि काहीच बिघडलं नाही, तर ती खोडून टाकायची. या एका कसोटीवर तुझ्या यादीतल्या बहुतेक ओळी जातील. जाऊ देत. हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि वर आठ-दहा महिने लागतात. एवढं जगलेल्या बाईच्या वाट्याला छापील मजकूर कशाला?

आमच्या डेस्कवर रोज संध्याकाळी समारंभांच्या फोटोंचा ढीग येऊन पडायचा. निम्म्या फोटोंत समई आणि तिच्याभोवती वाकलेली माणसं. नव्या उपसंपादकानं ‘दीपप्रज्वलन करताना मान्यवर’ असं लिहिलं, की आमचे वृत्तसंपादक कागद परत ढकलायचे. समई दिसतेय, वाकलेली माणसं दिसताहेत, मग तू काय सांगितलंस? ही माणसं कोण, एवढं एकच वाचकाला हवं असतं. मग ‘डावीकडून’ सुरू व्हायचं, एकेक नाव फोन करून विचारावं लागायचं, कधी एका नावासाठी पान अडून बसायचं. ‘मान्यवर’ लिहून वेळ वाचतो खरा, पण तो नाव विचारायचा आळस असतो, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. तुझ्या वहीत ‘मान्यवरां’ऐवजी ‘आपली माणसं’ आणि ‘सगा परिवार’ येताहेत, एवढाच फरक.

फोटोत जे दिसतं ते लिहू नकोस. जे दिसत नाही ते लिही.

तू पाठवलेल्यांपैकी सक्करदरा तलावाकाठचा फोटो घे. आजी, आबाजी, तुझे बाबा आणि मी. त्याखाली तू लिहिलंस, ‘तलावाकाठी एक रम्य संध्याकाळ’. तलाव दिसतोय, संध्याकाळ दिसतेय, आणि रम्य होती की नाही हे तुला ठाऊक असण्याचं कारण नाही. तर ऐक. त्या दिवशी बुधवार होता. आम्ही बुधवार बाजारातून भाजी घेऊन परतत होतो. वाटेत आबाजींचे एक स्नेही भेटले, त्यांच्या गळ्यात अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री होता. त्या कॅमेऱ्याच्या रोलवर बाराच फोटो निघायचे. अकरा त्यांच्या घरच्यांचे काढून झाले होते, बारावा आमच्या वाट्याला आला. आजीच्या पायाशी जी पिशवी दिसते तिच्यात वांगी आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी होती. फोटोसाठी ती पिशवी मागे लपवायला आबाजी सांगत होते आणि आजी म्हणाली, ‘राहू द्या ना, चोरून आणली काय?’ म्हणून आबाजींचा चेहरा तसा दिसतो. आता सांग, ‘रम्य संध्याकाळ’ ठेवायची की पिशवी?

फोटोखाली तीन ओळी पुरतात, पण त्यांत निदान एक गोष्ट अशी असावी की जी त्या घरात राहिलेल्या माणसालाच माहीत असेल. कॅमेऱ्यामागे कोण होतं? फोटोच्या आधी काय झालं, नंतर लगेच काय झालं? चौकटीबाहेर कोण उभं होतं? अंगावरची साडी कुणाची? आमच्या वेळी चांगली साडी तिघी-चौघींच्या फोटोत फिरायची. तुझ्याकडे आलेल्या फोटोंत ती मोरपंखी नऊवारी शोध, तीन वेगवेगळ्या बायकांच्या अंगावर सापडेल. त्या तिन्ही फोटोंचं एक पान कर आणि साडी मुळात कुणाची ते लिही. बाकी काही लिहायची गरज नाही.

तारखांचा तुझा प्रश्न रास्त आहे. जुन्या फोटोंवर तारखा नाहीत आणि घरात प्रत्येक जण वेगळं साल सांगतो. अशा वेळी अंदाजानं साल ठोकून देऊ नकोस, पुढच्या पिढ्या ते खरं मानतात. त्याऐवजी खूण लिही. सक्करदरा चौकातल्या फोटोत उड्डाणपूल नाही, मग ‘उड्डाणपुलाच्या आधीचा चौक’ असं लिही. रेशीमबागेच्या फोटोत सुरेश भट सभागृह नाही म्हणजे तो २०१७ च्या आधीचा. मेट्रो मार्च २०१९ मध्ये सुरू झाली, त्याच्या आधी काही वर्षं गाव खोदलेलं होतं, त्या फोटोंत पत्र्यांची कुंपणं दिसतात. नागपूरच्या माणसाला असं साल तारखेपेक्षा लवकर कळतं.

ताजबागेतल्या उर्सात काढलेला एक फोटो आहे बघ, त्यात माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, पदर सावरत उभी आहे. त्याच्यामागे एक गोष्ट आहे आणि ती लिहिली नाहीस तर माझ्याबरोबर जाईल. ज्यांचा हा उर्स, ते संत ताजुद्दीनबाबा हयातीत बराच काळ इथेच, सक्करदऱ्याला रघूजीराजे भोसल्यांच्या वाड्यात राहिले. १९२५ साली ते गेले. पणजीला लहानपणी तिच्या वडिलांनी खांद्यावर बसवून त्यांच्या दर्शनाला आणलं होतं. ती सांगायची, गर्दीत तिचा एक वाळा पडला आणि ती बाबांना बघायचं सोडून परतीच्या वाटेवर खालीच बघत राहिली. एवढंच. भक्तीबद्दल, श्रद्धेबद्दल एक अक्षर घालू नकोस, वाळा पुरेसा आहे.

तू म्हणशील, आत्याला काय, तिला लिहिता येतं. पण थोडक्यात आणि नेमकं लिहायला लेखकच असावं लागत नाही, हे नागपूरकराला तरी सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींचे मोठे पुतळे मिरवत निघतात तेव्हा मी अजूनही इतवारीकडे जाते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची असं सांगतात. मारबतींपेक्षा माझा जीव त्यांच्यासोबतच्या बडग्यांत अडकलेला. कागद, बांबू आणि चिंध्यांचा तो पुतळा, आणि त्याच्या गळ्यात पाटी. महागाई, भ्रष्टाचार, डेंग्यू, खड्डे, जे त्या वर्षी छळत असेल त्याच्यावर पाटीत चार-सहा शब्द. ते मोहल्ल्यातली पोरं आदल्या रात्री बसून लिहितात. शुद्धलेखनाच्या चुका असतात, पण कुणावर राग आहे ते नेमकं कळतं आणि माणूस रस्त्यात हसतो. त्या पोरांना कुणी विचारलं नाही की बाबा, ओळ सुचते कशी. त्यांना खड्डा माहीत असतो.

त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. तुझ्या बाबांचा लाकडी बैल घेऊन रडतानाचा फोटो आहे ना, त्याखाली ‘निरागस बालपण’ लिहिशील तर मी बोलणार नाही तुझ्याशी. तो बैल त्याचा नव्हता. शेजारच्यांच्या मोठ्या चाकांच्या नंदीसाठी त्यानं हट्ट धरला, त्यांनी फोटोपुरता दिला, आणि परत मागितला तेव्हाचा तो फोटो आहे. ‘उसना बैल परत करताना’ एवढं लिही.

आता मुद्द्याची गोष्ट. तुला एक अडचण आली असेलच, पण तू लिहिली नाहीस. आजीच्या स्क्रॅपबुकात आजीच कमी आहे. आबाजींचे ऑफिसातले निरोप समारंभ आहेत, आमची बारशी, मुंजी, लग्नं आहेत. आजी कुठे कडेला, कुठे अर्धी, कुठे हातात ताट घेऊन पाठमोरी. बारा फोटोंचा रोल असायचा तेव्हा स्वयंपाकघरातल्या बाईवर फोटो कोण खर्च करणार? पुढे छत्तीस फोटोंचे रोल आले तरी सवय बदलली नाही. ही पोकळी फुलांच्या स्टिकरांनी भरू नकोस. तिच्यासाठी दुसरीच सामग्री आहे आणि ती आपल्या घरात, मधल्या खोलीतल्या लोखंडी ट्रंकेत, बुडाला अंथरलेली आहे.

ती म्हणजे जुनी कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते काढलं आणि काही वर्षांतच ते घरोघरी भिंतीवर आलं. महिना उलटला की आजी ते पान फेकत नसे. वह्यांना कव्हरं घालायची, फडताळात अंथरायची, उरलेली ट्रंकेत. खिळ्याला दोऱ्यानं बांधलेलं पेन्सिलीचं थोटूक लोंबत असायचं, त्यानं ती तारखेच्या चौकोनात लिहायची. परवा मी ती पानं काढून बसले आणि दुपार कशी गेली कळलं नाही. बहुतेक चौकोनांत हिशोब आहेत. ‘सिलिंडर लावला.’ ‘दूध नाही.’ ‘दूध दीड, पाहुणे.’ ‘कुलरचा पंप ८० रु.’ मध्येच जूनच्या एका चौकोनात, ‘निकाल. गणित गेलं. रागवायचं नाही.’ हा तुझ्या बाबांचा दहावीचा निकाल. ती सूचना तिनं स्वतःला लिहिली होती. आबाजींनाही वाचायला मिळावी म्हणून जरा ठळक. दुसऱ्या एका चौकोनात माझ्याबद्दल, ‘पाहुणे आले. पोरगी नको म्हणाली. बरं झालं.’ हे शेवटचे दोन शब्द मी आत्तापर्यंत पाहिले नव्हते. त्या दिवशी आईनं मला जे ऐकवलं होतं ते वेगळंच होतं.

हे तिचे शब्द. ते चौकोन जपून काप आणि पानापानावर चिकटव, फोटो असो वा नसो. ज्या पानावर फोटो नाही आणि फक्त ‘बाई नाही. धुणं पडलं. ताप १०२’ असा एक चौकोन आहे, तिथे खाली तू काहीही लिहू नकोस. मी कात्रणं स्कॅन करून मूळ पानं ठेवायला सांगितलं असतं, पण मूळ पानंच वाळवीच्या तोंडी जाताहेत. तेव्हा आधी प्रत्येक पानाचा फोटो काढ, मग काप.

बायकांचे शब्द आपल्याकडे कमी नव्हते, ते कुणाचे हे लिहून ठेवायची पद्धत नव्हती. जात्यावरच्या ओव्यांचंच बघ. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आज ते भांडार ‘पारी’ या संकेतस्थळावर सगळ्यांना ऐकायला मिळतं. मला त्यात सगळ्यात भावलं ते हे, की त्यांनी ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. पिढ्यान्‌पिढ्या ‘लोकगीत’ म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ही ओवी अमक्या गावच्या अमकीनं गायली, असं तिथे लिहिलेलं आहे. आमच्या ‘डावीकडून’चाच हा मोठा भाऊ म्हण. तुझ्या वहीतही ‘आजीच्या हातचा वडाभात’ या पानाखाली तो तिला कुणी शिकवला ते नाव येऊ दे.

भाषेबद्दल एक सांगते. तुझ्या ओळी पुस्तकी आहेत, कारण लिहायला बसलं की आपण एकदम सभ्य होतो. ऑफिसात आमच्याकडे ‘मले’ आलं की प्रूफरीडर ‘मला’ करायचा, ते त्याचं कामच होतं. तुझ्या वहीला प्रूफरीडर नको. तुझी आजी उमरेडकडची. ती फोनवर तुला म्हणते, ‘जेवली का वं पोरी? काहून एवढी वाळली?’ हे तसंच्या तसं लिही. तिचं बोलणं प्रमाण मराठीत बसवलंस तर ती वाचून म्हणेल, हे मी कधी बोलली? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ घरी असेल तर चाळ. १९३४ पासून ते भागाभागांनी आलं, आणि लिहिणारी बाई शाळेत गेलेली नव्हती, लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकलेली. तिचे पती टिळक काही काळ नागपुरात अप्पासाहेब बुटींकडे कामाला होते, त्या दिवसांचे प्रसंगही त्यात आहेत. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक असो की नवऱ्याचा विसराळूपणा, ती बाई विशेषणं लावत बसत नाही. कोण काय म्हणालं आणि मग काय झालं, ते सांगते. एवढ्या वर्षांनी ते पुस्तक ताजं आहे ते त्या बोलण्यामुळे, असं मला वाटतं. साहित्यिक भाषेत लिहिलेली त्या काळची किती आत्मचरित्रं आज कुणी उघडतं?

एका फोटोबद्दल तू फोनवर चाचरत विचारलंस. धाकट्या काकांचा. ते आणि आबाजी शेवटची वर्षं बोलत नव्हते, हे तुला कुणीतरी अर्धवट सांगितलेलं दिसतं. फोटो वगळू नकोस. त्याखाली नाव लिही, जागा लिही, जमलं तर साल. का बोलत नव्हते ते लिहू नकोस आणि ‘नात्यांची वीण’ वगैरेही लिहू नकोस. आबाजींच्या शेवटच्या फोटोलाही हाच नियम. तिथे हात थरथरतो आणि माणूस मोठे शब्द शोधायला लागतो. नाव आणि तारीख, बस. आजी ते पान उलटेल तेव्हा तिला तुझे शब्द नको असतील.

आणि आजीच्या आयुष्यातलं काही तुला माझ्याकडून कळलं, तिनं स्वतः सांगितलं नाही, तर ते लिहिण्यापूर्वी तिला विचार. ही वही तिच्यासमोर, पाहुण्यांनी भरलेल्या मांडवात उघडली जाणार आहे.

कागद-शाईचं थोडं. चिकट पानांचे अल्बम आणू नकोस, त्यांचा गोंद वर्षागणिक पिवळा पडतो आणि फोटो निघत नाही, निघाला तर फाटून. फोटो कोपऱ्यांत अडकवावेत, जुन्या काळ्या अल्बमांत असायचे तसे, मध्ये बटर पेपर. गोंदाचा वैताग मार्क ट्वेनलाही होता. त्यानं १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकाचं पेटंट घेतलं आणि ती कोरी वही चांगली खपली. लेखकाचं एक पुस्तक असंही, ज्यात त्याचा शब्द नाही! फोटोच्या पाठीवर बॉलपेननं लिहू नकोस, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिलीनं, काठाजवळ. सोनेरी पेन बारशाच्या पत्रिकेसाठी ठेव. काळ्या कागदावर पांढरी पेन्सिल चालेल. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर आणि जुलैत भिंतींना ओल, तेव्हा वही बाहेरच्या भिंतीच्या कपाटात राहता कामा नये.

अक्षर वाईट आहे म्हणून मजकूर छापून चिकटवणार असशील तर तो विचार सोड. काही पानं बाबांना लिहायला लाव, काही मला पाठव. वेगवेगळ्या हातांची अक्षरं दिसली तर आजीला न सांगता कळेल कुठलं पान कुणी केलं.

आता तुझं काम. आजीच्या लग्नातला तो मोठा, तीन ओळींचा ग्रुप फोटो आहे. मधल्या ओळीतल्या सगळ्यांची नावं मी देऊ शकते, खालच्या ओळीतली मुलं बाबा ओळखतात. मागच्या ओळीत उजवीकडून तिसरी आणि चौथी बाई कोण, हे आजीशिवाय आता कुणालाच माहीत नाही. फोटो मोबाईलवर पाठवू नकोस, तिला त्या काचेवर काही दिसत नाही. मोठी प्रिंट काढ, कुरियरनं इकडे पाठव, आणि रविवारी दुपारी चारनंतर फोन कर, तोवर तिची झोप झालेली असते. वही-पेन घेऊन बस आणि नावं पूर्ण विचार, माहेरच्या आडनावासकट.

तुझी,
आत्या